करवंदाचं सरबत कुणाच्या हातचं

वास आधी मला आला.

टेम्पोतून पातेली, पराती, बाजरीच्या पिठाचे डबे उतरवून झाले होते. शेवंता कमरेवर हात ठेवून आमच्या स्टॉलचा फलक वाचत होती, 'हिरकणी महिला बचत गट, शिंदोळे, ता. जुन्नर. मासवडी-रस्सा.' आपलं गाव पुण्यात एवढ्या मोठ्या अक्षरात लागलेलं तिनं पहिल्यांदाच बघितलं होतं. मी मात्र नाक वर करून उभी होते.

"शेवंता, तुला कसला वास येतोय का?"

"येतोय की. तिळाचा."

"तिळाचा नाही गं."

नवरा उंबऱ्यात उभा राहिला की ताट वाढायचं का पोरीला शेजारी धाडायचं, हे जिनं नुसत्या वासावर वर्षानुवर्षं ठरवलंय, तिला तो वास कुणी सांगावा लागत नाही. आमच्या स्टॉलच्या मागं पांढऱ्या कापडाचा उंच पडदा होता. मी तो बोटानं जरासा सरकवला. पलीकडं हिरवळीवर लाकडी टेबलं मांडलेली, टेबलांवर बाटल्याच बाटल्या, काचेचे पेले, आणि हसतखेळत फिरणारी माणसं. त्यांत बायकाही होत्या. माझ्या लेकीच्या, वैजूच्या वयाच्या.

मी पडदा सोडला आणि तशीच पिठाच्या डब्यावर बसले.

आम्हाला पंचायत समितीतून एवढंच कळलं होतं की पुण्यात मुंढव्याच्या पलीकडं मोठा खाद्य महोत्सव आहे, बचत गटांना जागा फुकट आहे, मासवडी करणाऱ्या बायका हव्यात. खाद्याच्या पाठीला पेय बांधलेलं आहे, हे कुणी बोललं नाही. आणि आम्ही कोण? येत्या रविवारी ज्यांच्या गावात दारूच्या दुकानासाठी मतदान होतं, त्या बायका.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गावातलं दुकान बंद करायचं असेल तर गावातल्या बायकांनी मत द्यायचं असतं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आणि आलेल्या मतांच्या निम्मी नव्हे, यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. जी घरी बसली ती दुकानाच्या बाजूनं मोजल्यासारखीच. मी अंगणवाडीत उभी हयात घालवलेली बाई. गावातली अर्धी पोरं माझ्या हातचा उपमा खाऊन मोठी झालेली. तेवढ्या पुण्याईवर, हे मतदान व्हावं म्हणून मी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या. तरी सगळं अडलं होतं ते शेवंतावर. दुकानाचा मालक माणिकशेठ तिचा चुलतदीर. त्यांच्या भावकीतल्या सगळ्या बायका शेवंताच्या तोंडाकडं बघून मत देणार, हे तो जाणून होता आणि मीही. शेवंता माझ्याबरोबर फिरायची, सह्या घ्यायची, पण स्वतःची सही तिनं अगदी शेवटच्या दिवशी केली होती. तिचा भरवसा मला अजून पुरता वाटत नव्हता.

"ताई, बसल्या कशापायी?" तिनं विचारलं.

मी पडद्याकडं बोट दाखवलं. तिनं जाऊन बघितलं, परत आली, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"हसतेस काय? चल, सामान भर."

"अवं, टेम्पो गेला. आता कशात भरता? आपुन काय ओतून देणार हाये का कुणाला? आपली मासवडी, त्यांची बाटली. मधी पडदा हाये."

बाकीच्या दोघी, सखू आणि यशोदा, यांनीही तेच लावून धरलं. रात्रभर जागून सारण भाजलेलं, खोबरं किसलेलं. ते काय परत न्यायचं? मी पदर खोचला. चूल पेटली.

मासवडी म्हणजे सोपं काम नाही. बेसनाचं घट्ट पिठलं चटका बसेल इतकं गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं आणि फडक्यासकट दुमडून माशासारखा आकार द्यायचा. पीठ निवलं की संपलं, वडी फुटते. थापायचं काम माझं, कापायचं शेवंताचं. दुपार कलायच्या आत स्टॉलसमोर रांग लागली. पडद्यापलीकडची माणसं हातात पेला घेऊनच यायची. "मावशी, एक प्लेट." "मावशी, रस्सा जरा जास्त." तिथं सगळी पोरं आम्हाला मावशीच म्हणत होती. एक दाढीवाला तर म्हणाला, "मावशी, याच्यासारखा चखणा दुनियेत नाही!"

यशोदानं विचारलं, "चखना म्हंजी?"

"चांगलं म्हणतोय तो," मी म्हणाले आणि पीठ थापत राहिले. कानशिलं तापली होती ती काही चुलीनं नव्हे. आडवी बाटलीवाल्या बायका उभ्या बाटलीला चखणा पुरवत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान ते हेच.

संध्याकाळ व्हायला आली तसा गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेला एक पोरगा धावत आला. आत स्पर्धा होती, म्हणे. दारूत फळांचे रस, मसाले मिसळून नवी नवी पेयं बनवणाऱ्यांची. शेवटच्या फेरीचे परीक्षक भुकेजले होते. चार प्लेटी सातव्या टेबलावर पोचवायच्या होत्या.

"मी नाही जायची बाई तिकडं," सखू म्हणाली. यशोदानं आधीच भाकरीच्या पिठात हात घातला.

पुढारी म्हणून मिरवायचं तर नको ती कामंही पुढाऱ्यालाच करावी लागतात. मी ताटात प्लेटी घेतल्या. शेवंताला म्हणाले, "रश्श्याचं पातेलं घेऊन मागनं ये," आणि पडद्याच्या आत गेले.

सातव्या टेबलामागं काळा शर्ट, काळा अ‍ॅप्रन घातलेला एक पोरगा पाठमोरा उभा होता. कानाच्या वर केस कापलेले. दोन्ही हातांत स्टीलचा डबा धरून तो खांद्याशी असा हलवत होता की आतल्या बर्फाचा आवाज दूरवर ऐकू जावा. मी ताट टेबलावर ठेवलं आणि माझी नजर एका बाटलीवर गेली. काळपट लाल रस. तोंडाला बुचावरून पांढरा फडका आणि सुतळीची दुहेरी गाठ. ती गाठ मी बांधलेली होती.

दर उन्हाळ्यात डोंगरातली करवंदं काढून मी सरबत करायची. पुण्याला वैजूला धाडायची. आधी दोन बाटल्या, मग चार, मग ती म्हणाली, आई, खोकंभर पाठव. मी गावभर सांगत सुटले होते, "माझ्या लेकीला माझ्या हातचं सरबत काय आवडतं म्हणून सांगू!"

तो पोरगा वळला. पोरगा नव्हताच.

"आई?"

वैजू मला दिवाळीत भेटली तेव्हा तिच्या डोक्याला ओढणी होती. थंडी वाजते म्हणाली होती.

माझ्या तोंडून जे पहिलं निघालं ते केसांबद्दलच. "केस काय केलेस गं?"

"कामात मधे येतात." ती टेबलाच्या कडेनं माझ्याजवळ आली. "तू इथं कशी?"

"तू इथं कशी? तू हॉटेलात सरबतं करते म्हणाली होतीस."

"सरबतंच करते."

"आणि त्यात काय घालतेस?"

तिनं खाली बघितलं नाही. तिचं हे लहानपणापासूनचं. चोरी पकडली तरी डोळे वर. "जिन घालते. तुझं करवंद, जिरं, गवती चहा आणि जिन. काळी मैना नाव ठेवलंय. आई, साडेतीनशे जणांतून शेवटच्या सहांत आलेय मी. आज जिंकले तर सिंगापूरला शिकायला पाठवणार आहेत."

"वैजे, तुझा बाप कशानं गेला?"

"मला माहीत आहे कशानं गेला." तिचा आवाज अगदी खाली आला. "तुला एक सांगू? माझ्यापुढं बसून कुणी झेपेनासं मागायला लागला ना, की मी त्याला पाणी देते. आणि रिक्षात बसवून देते. बाबांना तसं कुणी दिलं नाही."

मागं पडदा सरकल्याचा आवाज झाला. मी दचकून वळले. वैजूनं माझा चेहरा बघितला आणि तिला एका क्षणात सगळं कळलं.

"कोण आलंय बरोबर?"

"शेवंता."

"मतदान रविवारीच आहे ना?"

"रविवारी. तिनं बघितलं तर संपलं गं. सगळी भावकी जाईल. माणिकशेठ गावभर सांगेल, हिची पोरगी पुण्यात ओतते आणि ही गावात आडवी करायला निघाली."

मी हे तिला विनवून म्हणाले. लेकीला विनवलं मी, तू दिसू नकोस म्हणून. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आपल्या टेबलामागं जाऊन उभी राहिली.

"मग तू मला ओळखत नाहीस," ती म्हणाली. "आणि मी तुला."

शेवंता पातेलं घेऊन आलीच. "ताई, ठिवू कुठं? हात भाजला माझा!"

"मावशी, इथं ठेवा," वैजू म्हणाली. मावशी! सगळ्या पोरांनी दिवसभर म्हटलं होतं तसंच, हसून. तिनं पातेल्याखाली फडकं सरकवलं, मासवडीचा तुकडा तोंडात टाकला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "छान झालीय. कुठल्या गावच्या हो तुम्ही?"

मी माझ्या लेकीला आमच्या गावाचं नाव सांगितलं.

"शिंदोळे," मी म्हणाले. "जुन्नरकडं."

"अच्छा. कधी गेले नाही तिकडं."

शेवंता इकडंतिकडं बाटल्या बघत होती. वैजूकडं तिनं धड पाहिलंही नाही. निदान मला तसं वाटलं. दिवे नुकते लागले होते, वैजूचे केस कापलेले, अंगात पुरुषी कपडे. आणि शेवंताच्या डोक्यात पातेलं परत न्यायची घाई. मी देवाचे आभार मानले. खरंच मानले.

स्टॉलवर आल्यावर माझ्या हाताला काम सुधरेना. एक मासवडी फुटली, दुसरी फुटली. सखूनं फडका माझ्या हातून काढून घेतला. "बसा ताई, दमल्या तुम्ही." मी मागं डब्यावर जाऊन बसले, आणि नेमका भोंगा आमच्या स्टॉलच्याच खांबाला बांधलेला होता. आतलं सगळं ऐकू येत होतं. एकेका स्पर्धकाला बोलावत होते. पेय बनवायचं आणि त्यातली एक तरी वस्तू आपल्या गावची, आपल्या घरची असायला हवी, तिची कथा सांगायची, असा शेवटच्या फेरीचा नियम होता. कुणी आजीच्या आमसुलाचं सांगत होता, कुणी वडिलांच्या मिरीच्या वेलाचं. लोक टाळ्या वाजवत होते.

"आता येत आहे वैजयंती, आणि तिची काळी मैना!"

सखूचा पीठ थापणारा हात थांबला. शेवंता कांदा कापत होती, तिचीही सुरी थांबली.

मीच बोलले. विचारलं नव्हतं तरी बोलले. "वैजयंती नावाच्या काय थोड्या पोरी असतात! पुण्यात गल्लोगल्ली सापडतील."

"व्हय तर," शेवंता म्हणाली. आणि तिघीजणी एकदम कामाला लागल्या. कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

भोंग्यातून बर्फाचा आवाज आला. मग परीक्षकांचे आवाज. एक बाई म्हणाली, "अप्रतिम आहे. आजचं सगळ्यात चांगलं पेय आहे हे." मग सूत्रसंचालकानं विचारलं, "वैजयंती, हे करवंदाचं सरबत मी चाखलं. असं बाजारात मिळत नाही. आम्हाला सांग, हे सरबत कुणाच्या हातचं?"

भोंगा गप्प झाला.

आतापर्यंत मी फक्त भीत होते. त्या गप्प बसण्यात मला माझी खरीखुरी लाज वाटायला लागली. मला ठाऊक होतं ती कशासाठी थांबलीय. ती पडद्याकडं बघत असणार. मी उठून पडदा बाजूला सारला असता, नुसती दिसले असते, तरी पुरलं असतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. आतून कुणी खोकलं.

"बाजारातूनच आणलंय," वैजू म्हणाली. "मंडईतून. बाटलीवर नाव नव्हतं."

"पण घरचं काहीतरी हवं होतं ना? तुझ्या घरचं यात काय आहे?"

"घरचं काही नाही यात."

कुणीतरी एकदोन टाळ्या वाजवल्या. मग पुढच्याचं नाव पुकारलं. बक्षीस आमसूलवाल्याला गेलं, हे आम्ही भांडी घासताना भोंग्यावरच ऐकलं. परतीच्या टेम्पोत नेहमी शेवंताचं तोंड चालू असायचं. त्या दिवशी चौघी गप्प होतो. मी मनात म्हणाले, दमल्यात बिचाऱ्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, वाचलो.

तो आठवडा मी पायाला भिंगरी लावून फिरले. पुण्या-मुंबईला कामाला असलेल्या, नाव अजून गावच्या यादीत असलेल्या प्रत्येक पोरीला फोन केला. या गं, एक दिवस या, एस.टी.चं भाडं मी देते. यादीत वैजूचंही नाव होतं. त्या नावापाशी आले की मी पान उलटायची. तिला कुठल्या तोंडानं म्हणणार होते, ये आणि बाटली आडवी कर? तिचाही फोन आला नाही.

शेवंताची भावकी येणार का नाही, ते रविवारी सकाळपर्यंत कळलं नव्हतं. मी शाळेच्या पटांगणात पोचले तेव्हा रांग फाटकाबाहेर गेली होती, आणि माणिकशेठच्या भावकीतल्या सगळ्या बायका, शेवंताच्या दोन जावा, सुना, अगदी काठी टेकत आलेली म्हातारी चुलतसासूसुद्धा रांगेत उभी होती. माणिकशेठ समोरच्या पिंपळाखाली उभा होता. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेवंतानं मला हात करून आपल्यामागं उभं करून घेतलं.

"म्हनलं व्हतं ना, सगळ्या येत्याल?"

"कुठं म्हणाली होतीस?"

"मनात म्हनलं व्हतं," ती म्हणाली आणि हसली. मला इतकं हलकं वाटलं की मीही हसले.

उन्हं चढली. जुन्नरकडून येणारी एस.टी. फाट्यावर थांबली, धुरळा बसला, आणि त्या धुरळ्यातून वैजू चालत आली. ओढणी नाही, काही नाही. तेच कापलेले केस, जीनची पँट, खांद्याला बॅग. पटांगणातल्या सगळ्या माना वळल्या. माणिकशेठही पिंपळाखालून दोन पावलं पुढं आला.

वाटलं, कुणी विचारायच्या आत हिला कडेला घ्यावं, सांगावं, डोक्यावर काही घे, हॉटेलात आहेस म्हण. मी रांगेतून बाहेर पाऊल टाकलंसुद्धा. तेवढ्यात शेवंतानं माझा दंड धरला, आणि सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"ये गं वैजू! हिला म्होरं जाऊ द्या गं बायांनो. तिला सांजच्याला बारवर हजर व्हायचंय, तिची ड्यूटी हाये!"

मी डोळे मिटले. आता हसतील, आता कुजबुज सुरू होईल, आता कुणी रांग सोडून जाईल.

कुणी हसलं नाही. कुणाला नवलसुद्धा वाटलं नाही. सखू सरकली, यशोदा सरकली, शेवंताच्या जावा सरकल्या. म्हाताऱ्या चुलतसासूनं काठीनं वाट दाखवली. "जा ग पोरी, एस.टी. चुकंल." एकजण म्हणाली, "लांबनं आली बिचारी." वैजू "हो काकी, हो मामी" करत सगळ्यांपुढून गेली. माझ्याजवळ आल्यावर थांबली.

"आई, बरी आहेस ना?"

मी मान हलवली. ती शाळेच्या खोलीत गेली.

"शेवंता," मी हळूच विचारलं, "तुला कधीपासून माहीत?"

"तिथंच कळलं की. पोरगी माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली. केस कापले म्हून डोळे बदलत्यात व्हय?"

"आणि या सगळ्यांना?"

"आल्या आल्या मीच सांगितलं. माणिकशेठ कव्हा ना कव्हा उकरून काढनारच व्हता, त्याच्याआधी आपुन सांगितल्यालं बरं. भावकीतल्या बायांना म्हनलं, जिची पोरगी त्या धंद्यात हाये तीसुद्धा दुकान बंद करा म्हनती, म्हंजी तिनं काय काय बघितलं आसंल. तव्हा कुठं समद्या तयार झाल्या. वैजूला ये म्हनून फोनबी मीच केला."

ज्या गोष्टीनं सगळं बुडेल म्हणून मी आठवडाभर जळत होते, त्याच गोष्टीवर शेवंतानं मतं मिळवून आणली होती.

"मग मला का नाही बोललीस? तिथं स्टॉलवर, टेम्पोत. एक शब्द तरी."

शेवंतानं पदर नीट केला. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवेना.

"आमी तुमच्या बोलन्याची वाट बघत व्हतो, ताई. त्यानं भोंग्यावं इचारलं ना, सरबत कुनाच्या हातचं, तव्हा सखूनं मला डिवचलं. म्हनली, आता ताई उठत्याल बघ. पडदा सारून सांगत्याल, माझ्या हातचं. आमी टाळ्या वाजवायला हात धुऊन ठिवले व्हते." ती रांगेबरोबर एक पाऊल पुढं सरकली. "आईच वळख दाखवंना, मंग आमी कोन?"

वैजू बाहेर आली. बोटाला शाई. चार बायकांनी तिला घेरलं, कुणी कापलेल्या केसांवरून हात फिरवला, कुणी विचारलं, पगार किती गं. ती हसत उत्तरं देत होती. फाट्यावर परतीची एस.टी. दिसली तशी ती पळाली. जाता जाता मला म्हणाली, "येते आई. निकालाचं कळव." मी तिला थांब म्हणाले नाही. माझा नंबर आला होता.

संध्याकाळी बाटली आडवी झाली. निम्म्याच्या वर जेमतेम चढली, पण चढली. गुलाल उधळला, हलगी वाजली. वर्तमानपत्राचा एक मुलगा आला होता. त्यानं मला पुढं ओढलं, गळ्यात हार घातला आणि विचारलं, "ताई, हे यश तुम्ही कुणाला देता?"

समोर सगळ्या बायका उभ्या होत्या. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, वाट बघत होत्या. मला ठाऊक होतं त्यांना कुठलं नाव ऐकायचंय. वैजूचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. आणि मी म्हणाले, "गावातल्या सगळ्या मायबहिणींना."

पोरानं ते लिहून घेतलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, मी पदरानं तोंड झाकलं. बायका ओरडल्या, "ताईंना आनंद झाला!" आणि हलगी आणखी जोरात वाजली. शेवंता तेवढी गुलालाचं ताट खाली ठेवून घराकडं चालू लागली.